पळसदरीच्या अलीकडची हिरवी टिक

६ जाने., सोम.

झालं! सकाळी अकराला बिल्ड पास, म्हणजे कोड एकदाचा जुळून चालला. नऊ दिवस नुसते लाल एरर आणि आज एकदम शांत. खुर्चीतून उठून घरभर दोन चकरा मारल्या. घरात कुणी नव्हतं ते बरं.

पप्पा डेपोतून जेवायला आले. त्यांना सांगितलं.
"नक्की काय केलंस?"
म्हटलं, नेटवर्कची एक जुनी लायब्ररी आहे, म्हणजे तयार कोड. परदेशातल्या कुणीतरी मच्छीमारांच्या बोटींसाठी लिहिलाय. रेंज गेली तरी मेसेज सोडून देत नाही. समोरून पोच येईपर्यंत परत परत पाठवत राहतो. पण मोबाइल ॲपवाल्यांना तो आहे तसा वापरता येत नाही. मी तो मोबाइलसाठी नव्याने पॅक केला. आता तीन ओळीत काम होतं.
"म्हणजे सामान दुसऱ्याचं, खोका तुझा."
"पप्पा!"
"अगं, वाईट काय त्यात? तुझी आई पण तेच करते की."
आईचा बचत गट विहाराच्या हॉलमध्ये तांदूळ पॅक करतो, दोन किलोच्या पिशव्या. आई म्हणाली, "आमचा तांदूळ शिजतो तरी."

एक फाइल बाजूला ठेवावी लागली. न गेलेले मेसेज फोनच्या स्टोरेजमध्ये लिहून ठेवणारी. ती जो फोल्डर मागते तो मोबाइलमध्ये नसतोच, सगळं तिथेच अडकत होतं. सध्या मेसेज नुसते मेमरीत. कोडमध्ये टीप टाकली: नंतर बघणे.

८ जाने., बुध.

शिळफाट्याला नि.दा.च्या ऑफिसात. ऑफिस म्हणजे मोबाइलच्या दुकानावरची एक खोली. निनाददादा कॉलेजला तीन वर्षं पुढे होता, तेव्हापासून नि.दा. त्याचं शाळेच्या व्हॅनचं ॲप येतंय. ड्रायव्हर बटन दाबणार, पालकांच्या फोनवर मेसेज जाणार. सकाळी 'मूल बसलं.' परतताना 'पाच मिनिटांत पोचतो.' 'मूल उतरलं.' सगळा प्रॉब्लेम रेंजचा. कर्जत सोडलं की पळसदरीपर्यंत मधे मधे काहीच नाही, डोंगर आडवा. म्हणून माझं पॅकेज.

नि.दा. : "यशो, हे चाललं ना तर दोन शाळा अजून आहेत माझ्याकडे." मी येताना टमटममध्ये एकटीच हसत होते. समोरची बाई बघत होती.

९ जाने., गुरु.

टेस्टिंग. पहिली व्हॅन कोणाची तर शोभाकाकूची! आपल्याच भिसेगावातली, दोन गल्ल्या सोडून. मी पहिली ते चौथी हिच्याच व्हॅनने गेले. तेव्हा काका चालवायचे, काकू पुढे बसून पोरं मोजायची. काका गेल्यावर काकूने स्वतः स्टिअरिंग धरलं. आता चौदा पोरं.

काकूची स्वतःची सिस्टिम होती. मिस्डकॉल. एक रिंग म्हणजे मूल बसलं, दोन रिंग म्हणजे गेटवर या. रेंज नसली तर जरा पुढे जाऊन थांबायची, रिंग वाजल्याशिवाय हलायची नाही.

आज ॲप दिलं. बटन दाबलं की गोल फिरतं, समोरून पोच आली की हिरवी टिक. गोल फिरतच राहिलं. दीड मिनिट.
"यशे, ह्ये गोल गोल फिरतंय त्ये बघत बसू का गाडी चालवू?"
"रेंज आली की होईल काकू."
"मग माझा मिस्डकॉल काय वाईट होता गं?"

नि.दा.ला फोन केला. तो म्हणाला, लायब्ररी मेसेज सोडत नाही ना? मग टिक आधीच दाखव, मेसेज मागून जाऊ दे. ड्रायव्हर टेन्शनमध्ये नको. पटलं मला. तसंच केलं. लायब्ररीने मेसेज हातात घेतला की टिक.

दुपारी परत चक्कर. दाबलं, हिरवं. काकू खूश. "आता कसं!"
मीच म्हटलं, "काकू, मिस्डकॉल बंद करा आता. दोन दोन कशाला?"

१३ जाने., सोम.

सहा व्हॅनवर चालू झालं. एक पण तक्रार नाही. पॅकेज ओपन केलं, सगळ्यांसाठी. कुणीही घ्या, फुकट. संध्याकाळपर्यंत चार स्टार, म्हणजे चार जणांची पसंती. त्यातला एक मीच दिलाय दुसऱ्या अकाउंटने. बाकी तीन खरे.

पॅकेजला स्वतःचं नाव दिलं. मूळ लेखकाचं नाव आणि लायसन्स आत आहे, पण वर मोठं नाव माझं. आईला स्क्रीन दाखवली. ती तिळगूळ वळत होती, हात तसेच ठेवून वाकून बघितलं.
"पिशवीवर नाव आलं तुझं. आता खडा निघाला तर बोलणी पण तुलाच."
म्हटलं, आई, माझ्यात खडे नाहीत.

१६ जाने., गुरु.

शो.काकू रस्त्यात भेटली. हातात एवढासा तिळगूळ कोंबला. "तुझं ॲप लय भारी हाय. आजोबा बरोबर गेटवर उभे असतात." पळसदरीच्या पुढे नवीन सोसायटी झालीय, तिथल्या आर्वीचे आजोबा. सीनिअर केजीतली आर्वी, काकूचा शेवटचा स्टॉप.

काय भारी वाटलं. हे लिहून ठेवते.

२२ जाने., बुध.

क्रमाने लिहिते.

शाळेचे कोणी जुने ट्रस्टी वारले, दहाला सुट्टी दिली. शाळेने पालकांच्या ग्रुपवर टाकलं. आर्वीचे आई-बाबा दोघं मुंबईला ऑफिसात, आई मीटिंगमध्ये, बाबांचा फोन सायलेंटवर. आजोबा ग्रुपवर नाहीत. त्यांना फक्त ॲपचा मेसेज येतो. येतो म्हणजे यायला हवा.

काकू सव्वाअकराला सोसायटीच्या गेटवर. रोज दीड वाजता येते. आजोबा नाहीत. काकूच्या फोनवर हिरवं होतं, म्हणजे त्यांना कळलंय, येतच असतील. पाच मिनिटं थांबली. त्या रोडच्या पुढच्या गावातल्या दोन पोरांची नेहमीची व्हॅन चुकली होती, ती आज हिच्यात, एकाला उलट्या होत होत्या. आर्वीला वॉचमनकडे दिलं आणि निघाली.

वॉचमन पंप चालू करायला गेला.

आजोबा खोपोलीला दवाखान्यात. त्यांना काहीच मेसेज नाही. घराला कुलूप.

पावणेएकला आजोबा परत आले, वॉचमनने विचारलं, नात भेटली ना? तिथून सगळं. एक वाजता काकूची मुलगी धावत आमच्याकडे. मी पप्पांची गाडी काढली. सोसायटी, मागची बाजू, शेतं, पाण्याची टाकी. टाकीत वाकून बघितलं मी. ते नाही विसरणार. काकू रस्त्याच्या कडेने नुसती "आर्वी, आर्वी गं" ओरडत चाललेली, पायात एकच चप्पल.

दीड वाजता पळसदरी स्टेशनवर सापडली. बाकड्यावर बसलेली, दप्तर मांडीवर. काकड्या विकणाऱ्या मावशींनी शेजारी बसवून ठेवलं होतं, हातात मीठ लावलेली फोड. आई ट्रेनने येते म्हणून तिला आणायला गेली म्हणे.

मधे रूळ आहेत. ती रूळ ओलांडून गेली होती.

काही झालं नाही. काही झालं नाही. काही झालं नाही.

२३ जाने., गुरु.

आर्वीच्या बाबांनी पालकांच्या ग्रुपवर लिहिलं: व्हॅनवाल्या बाईंनी न कळवता मूल रस्त्यावर सोडलं. काकूने व्हॉइस मेसेज टाकला. "मी बटन दाबलं होतं साहेब. हिरवं आलेलं. देवाशपथ." खाली कुणीतरी: 'आता ॲपवर ढकलतायत.' हसणारे चेहरे दोन.

नि.दा.ने सर्व्हर बघितला. २२ तारीख, काकूच्या फोनवरून आर्वीसाठी 'पाच मिनिटांत पोचतो', काही नाही. आलेलंच नाही. मला म्हणाला, "दाबलंच नाही तिने. खोटं बोलतेय. घाबरलीय बिचारी."

मी पण हो म्हटलं. फोनवर हो म्हटलं मी.

मग दुपारी कोड उघडला. उगाच. बघू म्हणून.

नंतर बघणे.

ती माझीच ओळ.

करून बघितलं. फोन एअरप्लेन मोडवर. बटन दाबलं, हिरवी टिक. ॲप बोटाने वर सरकवून बंद केलं. एअरप्लेन काढलं. पाच मिनिटं. सर्व्हरवर काही नाही. मेसेज मेमरीत होता, ॲप बंद झालं, मेमरी गेली, मेसेज गेला. परत केलं. परत. सात वेळा. सातही वेळा नाही.

पण काकू ॲप बंद करते का? ते विचारायला हवं.

२४ जाने., शुक्र.

विचारायला लागलंच नाही. पप्पा जेवायला आले, मोबाइल काढला, सवयीने सगळी ॲप्स एकेक वर सरकवली. फट फट फट. "फोन गार राहतो." मी लहान असल्यापासून बघतेय. आई करते. टमटमवाले करतात. आपल्याकडे सगळेच करतात, काम झालं की बंद, जसं खोलीतून निघताना दिवा बंद. मला माहीत होतं. मी ऑफिसात टेबलावर टेस्ट केलं, जिथे कुणी काही बंद करत नाही.

तरी काकूकडे गेले. तिने स्वतः दाखवलं. बटन, हिरवं, सरकवलं, फोन डॅशबोर्डवर.
"असंच केलं त्या दिवशी पण. का गं?"
"काही नाही, सहज."
सहज.

मग इतके दिवस का कळलं नाही? कारण रोज वेळ ठरलेली. मेसेज येवो न येवो, आजोबा दीडला गेटवर हजर. न गेलेले मेसेज किती असतील देव जाणे. वेळ बदलली एकदाच, त्या दिवशी.

२५ जाने., शनि.

शिळफाटा. नि.दा.ला सगळं दाखवलं. एअरप्लेन, टिक, सरकवलं. त्याने फोन घेऊन स्वतः करून बघितलं. खाली दुकानात कुणीतरी रिंगटोन वाजवून बघत होतं, तीच तीच.

"फिक्स किती दिवसाचं?"
"दोन. स्टोरेजवाली फाइल परत घालते, फोल्डर आपण द्यायचा. आणि टिक पोच आल्यावरच."
"कर. टाकून दे. आणि यशो, हे तुझ्या माझ्यात."
"आणि काकू?"
"मूल वॉचमनकडे सोडलं कोणी? आपल्या ॲपने? ती चूक तिचीच आहे ना?"
"पण कळवलं नाही म्हणतायत सगळे. ती खोटं बोलते म्हणतायत."
"दोन आठवड्यांनी विसरतील. आपण बोललो ना, तर ॲप संपलं. माझं पण, तुझं पण. टिक आधी दाखव हे मी म्हटलं होतं, मान्य. पण स्टोरेजवाली फाइल तू काढलीस आणि मला सांगितलं नाहीस."

खरं आहे. सांगितलं नाही. विसरले असं पण नाही. पास झालेल्या बिल्डला हात लावायचा नव्हता.

२७ जाने., सोम.

फिक्स झालं. एअरप्लेन, दाबलं, गोल फिरतंय, सरकवलं, फोनच बंद केला. चालू केला, रेंज. चाळीस सेकंदांत पोच आली. दहापैकी दहा. फोल्डरचं काम निघालं सहा ओळींचं. सहा.

नि.दा. : 'मस्त. विषय संपला.' अंगठा.

काकूच्या व्हॅनमधून तीन पोरं काढली. एकाच बिल्डिंगची तिघं. उरली अकरा. त्यात आर्वी मोजलीय, ती त्या दिवसापासून येत नाहीये. शाळेने काकूला सांगितलंय, शनिवारी पालकांची मीटिंग, तोवर व्हॅन गेटच्या बाहेर लावा.

२८ जाने., मंगळ.

काही लिहावंसं नाही. काकूची व्हॅन गल्लीतून गेली, मी खिडकीतून मागे सरकले.

२९ जाने., बुध.

सांगितलं काकूला. ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी उभ्या उभ्याच सगळं बोलले, अर्धं इंग्लिशमध्ये. परत नीट सांगितलं. तुम्ही दाबलं होतं, टिक खोटी होती, ती मी ठेवली होती.

काकू शेंग सोलायची थांबली नाही.
"बरं."
"काकू, सॉरी."
"ह्ये माझ्याकडं का सांगतेस गं? मला तर माहीतच हाय मी दाबलेलं. ज्यांना माहीत नाय त्यांना सांग."

मी बाहीने डोळे पुसले.
"रडू नको. पोरगी सापडली. नसती सापडली तर काय केलं असतंस, ह्ये येऊन मलाच सांगितलं असतंस?"

चहा दिला नाही. पहिल्यांदाच. तिच्या ओट्यावर मी लहानपणापासून काही खाल्ल्याशिवाय उठले नाहीये.

३१ जाने., शुक्र.

पॅकेजच्या पानावर नव्या व्हर्जनखाली काय लिहायचं? नि.दा.ने मसुदा पाठवला: 'परफॉर्मन्स आणि स्टेबिलिटी सुधारणा.' एवढंच. सगळे असंच लिहितात म्हणाला. लिहितात खरं. मी पण वाचलंय शंभर वेळा, कधी थांबून विचार नाही केला की आत काय झालं असेल.

मी चार ओळी लिहिल्या. जुन्या व्हर्जनमध्ये न गेलेले मेसेज ॲप बंद केल्यावर हरवतात. 'गेला' दिसतं पण गेलेला नसतो. हे मूळ लायब्ररीत नाही, माझ्या पॅकेजिंगमध्ये आहे. जुनं वापरू नका.

तिसरी ओळ लिहायला सगळ्यात वेळ लागला. 'लायब्ररी' म्हटलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. तो परदेशातला माणूस, त्याने ती फाइल दिलीच होती. मी काढली.

टाकलं. दुपारी ३:१०.

आईला सांगितलं. आई पिशव्यांना सील मारत होती. गेल्या वर्षी एका गोणीत बारीक खडे निघाले होते, मला माहीत नव्हतं. गटातल्या दोघी घरोघर गेल्या, सव्वीस पिशव्या परत आणल्या, निवडून परत दिल्या. काहींनी दारातूनच ऐकवलं.
"मग? लोक परत घेतात का आता?"
"काही घेतात. काही नाही." सील मारलं. "उद्या मीटिंगला कोणती साडी नेसणार?"
"आई, मी ड्रेस घालते."
"मग इस्त्री कर."

म्हणजे मी जाणार हे तिने ठरवलं पण.

१ फेब्रु., शनि.

शाळेचा हॉल. माझ्याच शाळेचा, खुर्च्या तेवढ्या नवीन. पालक साठेक. नि.दा. आला नाही, मेसेज पण नाही. काकू सगळ्यात मागे, भिंतीला टेकून उभी. बसा म्हटलं तरी बसली नाही.

मुख्याध्यापिका मॅडमनी आधी काकूलाच विचारलं, तुम्हाला काय सांगायचंय. काकू म्हणाली, "बटन दाबलं होतं." कुणीतरी पुढून: "परत तेच."

मी हात वर केला. शाळेत करायचे तसा. किती बावळट.

"तुम्ही कोण?" आर्वीचे बाबा. पहिल्यांदाच समोरून बघितलं. दाढी वाढलेली.
"यशोधरा. ॲपमधलं मेसेज पाठवायचं काम जे पॅकेज करतं, ते मी बनवलंय. म्हणजे बनवलं नाही, पॅक केलंय."
"म्हणजे काय?"

सांगितलं. काकूने बटन दाबलं तेव्हा फोनला रेंज नव्हती. टिक आली ती खोटी, मेसेज फक्त फोनच्या मेमरीत. काकूने ॲप बंद केलं, सगळे करतात तसं. मेसेज संपला. सर्व्हरपर्यंत गेलाच नाही. काकू खोटं बोलत नाहीयेत. दोन फोन नेले होते जुनं व्हर्जन टाकून, करून दाखवलं. एअरप्लेन, टिक, सरकवलं.

एक आई उठली. "म्हणजे आमच्या मुलांवर टेस्टिंग चाललं होतं?"
मी म्हटलं, "हो."
नाही म्हणायला हवं होतं का? पण हो.

मग एकदम सगळे. पोलिसात द्या. ॲप बंद करा. ही तर पोरगी आहे, हिच्या हातात कसं दिलं. "इंजिनिअर आहेस का?" "लास्ट इयर." "बघा!" एक काका, "तिने निदान येऊन सांगितलं तरी." त्यांना दुसऱ्यांनी गप्प केलं.

आर्वीचे बाबा ओरडले नाहीत. ते मागे वळून काकूकडे बघत होते. "मग न बघता वॉचमनकडे का सोडलंत?"

मी मधे पडणार होते, ॲपमुळेच तर. काकूच पुढे आली. दोन खुर्च्यांच्या रांगांमधून, पदर खोचलेला.
"त्ये माझं हाय साहेब. हिरवं असू दे नायतर पिवळं, पोर हातात द्यायची ती मी वॉचमनला दिली. अठरा वर्षांत दिली नव्हती. ह्या पोरीचं जेवढं हाय तेवढं तिने सांगितलं. माझं मी सांगते."

आणि परत मागे जाऊन उभी राहिली.

आर्वीचे बाबा खाली बसले.

मॅडम : ॲप आजपासून बंद. व्हॅनचा निर्णय शुक्रवारी कमिटी घेईल.

बाहेर पडताना काकू माझ्या पुढे होती. मागे बघितलं नाही. पण तिने गेट माझ्यासाठी धरलं.

४ फेब्रु., मंगळ.

नि.दा.ने ग्रुपमधून काढलं. कॉल उचलत नाही. दुसऱ्या दोन शाळा गेल्या म्हणे, एका ड्रायव्हरकडून कळलं. राग येतोय त्याचा आणि वाईट पण वाटतंय. ती खोली, तो एकच टेबलफॅन. त्याने पण स्वप्न बघितलं होतं.

पॅकेजचे चार स्टार होते, आता दोन. एक माझाच. मग उरला एक. हा कोण?

त्या परदेशातल्या माणसाची मेल. घाबरत उघडली. दोनच ओळी. माझी टीप वाचली, फोल्डर बाहेरून देता यायला हवा होता हे त्याला पण कधी सुचलं नाही, मी केलेला बदल मूळ लायब्ररीत घ्यायला पाठवशील का. शिव्या नाहीत, शाबासकी नाही. मी तासभर तशीच बसले. सहा ओळी पाठवल्या. टेस्टसकट. या वेळी सरकवून बंद करायची टेस्ट पण.

६ फेब्रु., गुरु.

पॅकेजच्या पानाखालच्या कमेंटमध्ये कुणीतरी अनोळखी: 'आम्ही तुमचं जुनं व्हर्जन वापरतोय, फोन गावोगाव वाटलेत, गोळा कसे करायचे?' प्रोफाइलवर नाव नाही, फोटो एका झाडाचा. काय वापरतायत, कशासाठी, काही नाही. तीन वेळा विचारलं. उत्तर नाही. किती जणांनी घेतलं असेल, मला यादी पण दिसत नाही. आईच्या पिशव्या निदान मोजलेल्या होत्या.

७ फेब्रु., शुक्र.

कमिटीने काही ठरवलंच नाही. मॅडम म्हणाल्या, पालकांनी आपापलं ठरवावं, शाळा मधे नाही. काकूला वाटलं होतं हो किंवा नाही, काहीतरी येईल. गेटबाहेर उभी होती ऐकायला.

त्या बिल्डिंगमधली तीन पोरं परत आलेली नाहीत. अजून एक गेलं, त्याच्या आईने नीट फोन करून सांगितलं, काकू रागावू नका. उरली दहा.

संध्याकाळी काकूकडे गेले. सहाच्या आत. व्हॅन धुत होती. मी दुसरं फडकं घेतलं, तिने घेऊ दिलं. मागच्या काचेवर आतून पोरांच्या नावांची यादी चिकटवलेली असते, कोण कुठे उतरणार. ज्यांची गेली त्यांची नावं पेनने खोडलेली. चार. आर्वीचं नाव आहे तसं.

"काकू, ही?"
"त्यांनी काढायला सांगितलं नाय. फोन पण नाय. ठेवा असं पण नाय."
"तुम्ही विचारा ना."
"विचारलं तर नाय म्हणतील." पाणी काचेवर मारलं. "सोमवारी त्या रोडनेच जायचंय, पुढच्या गावातलं एक नवीन पोर आलंय. त्यांच्या गेटवर थांबू का नको गं?"

मी फडकं पिळलं.
"माहीत नाही काकू."
"पाच मिनिटं थांबते," ती म्हणाली. "हॉर्न नाय वाजवणार."

मग म्हणाली, तू येशील का. सकाळी सव्वासात. हो म्हटलं.